फिरतीच्या नोकरीत व्हॉट्सॲप : व्हिडिओपेक्षा आवाज बरा

माझी नोकरी फिरतीची आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेर जातात आणि घरी नऊ वर्षांचा मुलगा व चार वर्षांची मुलगी असते. व्हॉट्सॲपचे हे परीक्षण मुलांशी बोलण्याच्या कामापुरतेच आहे.

व्हिडिओ कॉलची सोय 2016 मध्ये आली. दीड वर्षाच्या आतील मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे असे सांगणाऱ्या अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही त्याच वर्षीच्या शिफारशींत व्हिडिओवरील गप्पांचा अपवाद केला होता. तरीही माझा अनुभव संमिश्र आहे. धाकटी दोन मिनिटांत फोन जमिनीवर ठेवून खेळायला जाते आणि उरलेला वेळ मी छत पाहत बसते. शिवाय कॅमेरा पडद्याच्या वर असल्यामुळे तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, की तिला माझी नजर खाली गेलेली दिसते आणि "आई, तू कुठे बघतेस?" असा प्रश्न येतो. झोपेच्या वेळचा कॉल तर मी आता टाळतेच, कारण तो संपल्यावर फुटणारे रडू मला नव्हे, घरी असलेल्या त्यांच्या बाबांना आवरावे लागते.

खरी उपयोगाची ठरली ती 2013 पासूनची व्हॉइस मेसेजची सोय. मी बैठकीला निघताना बोलून ठेवते आणि मुले शाळेतून आल्यावर सवडीने ऐकतात. घरची आणि माझी घड्याळे जुळत नाहीत, तेव्हा तर दुसरा मार्गच नसतो. धाकटीचे उत्तर कधीच एकसंध येत नाही. परवा सात तुकडे आले. एकात नुसता नळाचा आवाज आणि तिचा श्वास होता, तर शेवटच्यात हिरवा खडू दादाने मोडल्याची तक्रार. विमानतळावरच्या रांगेत उभ्या उभ्या मी ते सगळे ऐकले. दुप्पट वेगाने ऐकण्याची सोय कार्यालयीन निरोपांसाठी ठेवावी. मुलांचे बोलणे त्यांच्याच गतीने ऐकावे.

थोरल्यासोबत गोष्ट वाचण्यासाठी मी 2023 मध्ये आलेली स्क्रीन शेअरिंगची सोय वापरून पाहिली, पण हॉटेलचे वाय-फाय रात्री इतके मंदावते की मी उलटलेले पान त्याच्यापर्यंत पोहोचेतो माझी पुढची दोन वाक्ये वाचून झालेली असतात. आता पुस्तकाची एक प्रत त्याच्याजवळ, एक माझ्याजवळ आणि मध्ये साधा व्हॉइस कॉल, एवढ्यावर आमचे भागते.

मुलांचे निरोप बाबांच्या फोनवर कामाच्या गर्दीत हरवू लागले, म्हणून आम्ही घरच्यांपुरता वेगळा ग्रुप केला. मी ज्या शहरात असेन त्याचे नाव थोरला त्या ग्रुपला देतो. मागच्या फेरीत मी घरी पोहोचले तरी ग्रुपवर जुन्याच शहराचे नाव होते, कारण परतीचा दिवस त्याला सांगायचा मीच विसरले होते.