पेअरिंग कार्डांवर लावायचं की ग्राफवर?

दादरला हॉल भाड्याने घेऊन रविवारची रॅपिड बुद्धिबळ स्पर्धा भरवताय? संध्याकाळी सहाला हॉल सोडायचा असतो आणि विरार-डोंबिवलीचे पालक मेगाब्लॉकच्या चिंतेत दाराशी उभे असतात. अशा वेळी पाचव्या फेरीचं पेअरिंग अडलं, तर पोरांची दमछाक होते. तेव्हा स्विस लीगच्या, म्हणजे दर फेरीत जवळपास सारख्या गुणांच्या पण आधी न खेळलेल्या दोघांची गाठ घालायच्या पद्धतीच्या, जोड्या कशा लावणार, हे आधीच ठरवा.

जुनी रीत कार्डांची. प्रत्येकाचं एक कार्ड, गुणांनुसार उतरती रांग, आणि वरून जोड्या लावत यायचं. सगळं टेबलावर उघडं असतं, शंका आली तर मुलालाही दाखवता येतं. मला ही रीत मनापासून आवडते. अडचण येते ती तळाला. वरचे पाच बोर्ड झकास लागतात, आणि उरलेले दोघे नेमके दुसऱ्या फेरीत एकमेकांशी खेळलेले निघतात. मग वरची जोडी मोडा, तिच्यापायी आणखी एक मोडा. 12 खेळाडूंच्या जोड्या 10,395 तऱ्हांनी लागू शकतात. हाताने किती तपासणार?

दुसरी रीत ग्राफची, म्हणजे बिंदू आणि रेषांच्या जाळ्याची. त्यात खेळाडू म्हणजे बिंदू. जे दोघे अजून खेळलेले नाहीत, त्यांच्यात रेषा. पहिल्या फेऱ्यांत सख्ख्या भावंडांची गाठ नको असेल, तर ती रेषा काढायचीच नाही. संख्या विषम असेल तर ‘बाय’ (जोडीदाराविना त्या फेरीची सुट्टी) हाही एक बिंदू. ज्याला बाय मिळून गेला, त्याची तिकडची रेषा गेली. रेषेचं वजन म्हणजे गुणांच्या फरकाचा वर्ग. वर्ग अशासाठी, की एकाच जोडीत 2 गुणांची दरी (वजन 4) पडण्यापेक्षा दोन जोड्यांत एकेक गुणाची (वजन 1 अधिक 1) पडलेली बरी. सगळ्यांना जोडीदार देणारी, सर्वांत कमी वजनाची जुळणी शोधायचं तंत्र गणिती जॅक एडमंड्स यांनी 1965 मध्ये मांडलं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नेटवर्कएक्स लायब्ररीत ते तयार मिळतं.

मुख्य फायदा असा, की जुळणी शक्यच नसेल तर तेही कळतं. सहा मुलं घ्या. तीन फेऱ्यांत एका तिघांतला प्रत्येक जण दुसऱ्या तिघांतल्या सगळ्यांशी खेळला. आता रेषा उरल्या त्या दोन सुट्या त्रिकोणांच्या. त्रिकोणात एक जण एकटाच राहणार. कार्डं तासभर फिरवली तरी चौथी फेरी लागायची नाही.

फेऱ्या खेळाडूंच्या संख्येच्या निम्म्याहून जास्त नसतील, तर पुन्हा तीच गाठ न पडता जोड्या लागतातच. गणिती गेब्रियल डिराक यांच्या 1952 च्या प्रमेयावरून हे सिद्ध होतं. भावंडं, मोहऱ्यांचा रंग असल्या जादा अटी आल्या की मात्र ही हमी राहत नाही.

म्हणून 12 मुलं, 5 फेऱ्या, सोसायटीची स्पर्धा असेल तर खुशाल कार्डं वापरा. तीस-चाळीस मुलं, त्यात भावंडं आणि एकाच क्लासची पोरं असतील तर ग्राफच. स्पर्धा फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) रेटिंगची असेल तर यातलं काहीच नको. फिडेची मान्यता असलेलं सॉफ्टवेअर घ्या. तिथे सलग तीनदा पांढरी किंवा काळी मोहरी न देण्यापासून कोण कोणत्या गुणगटातून खाली सरकेल इथपर्यंतचे नियम ठरलेले असतात, आणि तुमची जुळणी कितीही चोख असली तरी आर्बिटर, म्हणजे पंच, ती धरणार नाही.