केया आणि बाइंड: शहापुरातल्या प्रेसमध्ये नऊ महिने

आमच्या मामांची बेळगावात शहापूरला छपाईची प्रेस आहे. तिथल्या चौदा मशीनचं नेटवर्क मी सांभाळतो. लग्नसराईत एकाच पत्रिकेचा मजकूर मराठीत आणि कन्नडात लावावा लागतो. चारही डिझायनर एकाच मोठ्या प्रिंटरवर प्रूफ काढतात. त्यांनी आयपी पत्ते पाठ करू नयेत, नावानं प्रिंटर सापडावा, एवढीच माझी अपेक्षा होती. म्हणून रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर केया डीएचसीपी (मशीनना आयपी पत्ते वाटणारा सर्व्हर) आणि एका जुन्या डेस्कटॉपवर बाइंड ९ (नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर) बसवलं. पत्ता दिला की केया त्या मशीनचं नाव बाइंडला कळवतं. आयएससी या संस्थेच्या जुन्या डीएचसीपी सर्व्हरची देखभाल २०२२ अखेर थांबली, त्यामुळे नवीन उभारणी त्यावर करायची नाही हे आधीच ठरलं होतं.

पहिला आठवडा परवानगीत गेला. झोनची, म्हणजे नावं-पत्त्यांच्या यादीची, फाइल मी ईटीसी-बाइंड फोल्डरमध्ये ठेवली होती. उबुंटूवरची सुरक्षा यंत्रणा अ‍ॅपआर्मर तिथं बाइंडला लिहू देत नाही, मग बदलांची नोंद ठेवणारी जर्नल फाइल तयार होत नाही आणि अपडेट फसतं. फाइल व्हार-लिब-बाइंडमध्ये हलवली, काम झालं. झोन हातानं बदलायचा तर आधी आरएनडीसी फ्रीझ (आपोआप होणारे बदल थांबवणारी आज्ञा), नंतर थॉ (ते पुन्हा सुरू करणारी), हे मात्र कायम लक्षात ठेवा.

खरा त्रास सोमवारचा. पहाटे लाईट जायची, आठच्या सुमारास यायची, आणि नऊ वाजता मामांचा फोन: "अरे, प्रिंटर गायब झालाय बघ की!" प्रिंटर जागेवरच असे. पिंग आयपीवर जाई, नावावर जात नसे. बंद-चालू करूनही फरक नाही. दोन महिने मी डीएनएसची सेटिंग उलटसुलट करत बसलो.

शेवटी एका सकाळी बाइंडचा लॉग समोर ठेवून प्रिंटर चालू केला. ओळ आली: टीसिग व्हेरिफाय फेल्युअर, बॅडटाइम. तिथंच कळलं. केयाकडून बाइंडला जाणाऱ्या अपडेटवर ओळख पटवणारी जी टीसिगची सही असते तिच्यात वेळ असते, आणि दोन्ही मशीनच्या घड्याळांत साधारण ३०० सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला की बाइंड ती नाकारतं. पाय ४ ला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नसतं. लाईट गेली की ते शेवटी जतन केलेल्या वेळेवरून पुढं सुरू होतं, आणि इंटरनेट उशिरा आलं की तोवर मागेच राहतं. शनिवारी रात्री बंद केलेल्या प्रिंटरचं चोवीस तासांचं लीज (पत्ता वापरायची मुदत) रविवारी संपून नाव नीट पुसलं जाई. सोमवारी नवं लीज मिळे, पण नाव नोंदवताना घड्याळ दोन तास मागे!

बरं, नंतर घड्याळ सुधारलं तरी नाव का येत नव्हतं? कारण लीज तेच राहिलं आणि त्यातलं नाव बदललं नाही, तर केया नूतनीकरणाच्या वेळी डीएनएसला पुन्हा काही कळवत नाही. डीडीएनएस-अपडेट-ऑन-रिन्यू हा पर्याय मुळात बंद असतो. तो चालू केला. पायला वेळ डेस्कटॉपकडूनच मिळेल अशी सोय केली, आणि डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा मेलेला सीआर२०३२ सेल बदलला. दोघंही आता यूपीएसवर आहेत. त्यानंतरच्या पाच महिन्यांत असा सोमवार आला नाही.

एक गोष्ट अजून खटकते. एका डिझायनरचा पीसी बदलला, नाव तेच ठेवलं, तर केयानं नोंद करायला नकार दिला. जुन्या मशीनची डीएचसीआयडी नोंद (नाव कोणत्या मशीनचं ते सांगणारी खूण) शिल्लक होती. नाव कुणी चोरू नये म्हणून हे राखण आहे, ते मला पटतं. पण जुनी नोंद एनएसअपडेट या आज्ञेनं हातानं पुसावी लागते.

पाच-सहा मशीन असतील तर डीएनएसमास्क (पत्ते आणि नावं दोन्ही सांभाळणारा छोटा सर्व्हर) घ्या, लीज आणि नाव एकाच जागी राहतं, सही-बिही काही नाही. आमच्यासारखं दोन मशीनवर विभागायचं असेल तर केया उत्तम आहे, मी परत हेच घेईन. फक्त नाव गायब झालं की पहिल्यांदा दोन्हीकडे डेट ही आज्ञा टाइप करून घड्याळ बघा.