व्हायरसचा सोर्स कोड हाती आलाय: उघडा टाकू, ओळखीत देऊ की नुसतं विश्लेषण छापू?

विश्लेषण छापा, कोड ठेवून घ्या, असं माझं मत. पण बाकीच्या दोन वाटाही अगदीच टाकाऊ नाहीत.

कोड सगळ्यांसाठी उघडा टाकणारे म्हणतात, चोराकडे तो आहेच, मग पहारेकऱ्याला का नको? हे अर्धंच खरं. मुरलेल्या चोराकडे असतो. नवशिक्याकडे नसतो, आणि फावतं त्याचंच. कॅमेरे-राउटर ताब्यात घेऊन त्यांची फौज उभी करणाऱ्या मिराई या व्हायरसचा कोड २०१६च्या सप्टेंबरअखेर बाहेर आला. २१ ऑक्टोबरला मिराईच्याच फौजेने डाइन (Dyn) या डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या, कंपनीला झोडपलं आणि ट्विटरसकट कितीतरी साइट उघडेनात. कोडमध्ये कॅमेरे-राउटरांच्या कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या. बचाव करणाऱ्याला ती यादी पुरली असती, अख्खा कोड कशाला?

‘फक्त शिक्षणासाठी’ ही पाटीही फारशी कामाची नाही. ईडीए२ हे रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) एका तुर्की प्रोग्रॅमरने तशीच पाटी लावून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेवलं होतं. गैरवापर झालाच तर फाइली उघडायच्या चाव्या परत मिळवता याव्यात म्हणून नियंत्रण पॅनलमध्ये चोरवाटही ठेवली होती. २०१६च्या सुरुवातीला ‘मॅजिक’ नावाच्या रॅन्समवेअरवाल्यांनी तोच कोड वापरला आणि पॅनल फुकटच्या होस्टिंगवर चढवलं. होस्टिंगवाल्याने खातं उडवलं, त्यासोबत चाव्याही गेल्या. चोरवाट शाबूत, पण जिथे पोचायचं ते घरच नाही!

ओळखीतल्या अभ्यासकांना देणं त्यामानाने बरं. व्हायरसचे नमुने ‘इन्फेक्टेड’ या सर्वज्ञात पासवर्डच्या झिपमध्ये फिरतात. ते कुलूप माणसासाठी नसतंच. चुकून डबल क्लिक होऊ नये आणि अँटिव्हायरसने फाइल वाटेतच गिळू नये, एवढ्यासाठी. खरा पहारा ओळखीचा, आणि तिथेच नवखा अभ्यासक दाराबाहेर राहतो.

विश्लेषणात हॅश (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा), यारा नियम (व्हायरस ओळखायच्या खुणा), व्हायरस ज्यांच्याशी संपर्क साधतो ते डोमेन आणि एन्क्रिप्शनमधली चूक दाखवणाऱ्या चार ओळी द्या. पसरवणारा भाग वगळा. तोटा आहेच: तुमचा दावा दुसऱ्याला पुरता पडताळता येत नाही. मागणाऱ्या खात्रीच्या संशोधकाला तेवढ्यापुरता कोड खासगीत द्यावा.

डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातला मेलेला व्हायरस असेल तर खुशाल उघडा ठेवा. आणि अँटिव्हायरस जागा आहे का, एवढंच बघायचं असेल तर व्हायरस हवाच कशाला? आयकार (EICAR) या अँटिव्हायरस संशोधकांच्या संस्थेची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल त्यासाठीच आहे.