‘सब चलेगा, दीदी’

इंदूरला रामबागेत मी घरीच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम करते. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, कधी कुणाचं वंशवृक्षाचं पुस्तक. मशीन जुनं, विंडोज 10 आणि तेही 32 बिटचं, म्हणजे जुन्या घडणीचं (नवी घडण 64 बिटची). मुद्दाम तसंच ठेवलंय. माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवालं आहे, म्हणजे त्याला पेनड्राइव्हसारखी एक किल्ली लागते. डोंगल यूएसबीत असेल तरच ते उघडतं आणि डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची विंडोजशी ओळख करून देणारा प्रोग्राम, 32 बिटचाच आहे. वीस वर्षांच्या फायली त्याच फाँटमध्ये आहेत. दुसरीकडे उघडल्या तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी कंस, प्रश्नचिन्हं आणि डॉलरची भेळ दिसते.

14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 चे अपडेट बंद होणार, अशी हवा सप्टेंबरात सगळीकडे होती. जो तो म्हणे, बदला, नाहीतर व्हायरस शिरेल. सुरक्षेच्या अपडेटची आणखी एका वर्षाची मुदत मायक्रोसॉफ्टनेच दिली होती, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी जेल रोडकडच्या एका दुकानात जुना लॅपटॉप बघून आले होते.

दुकानदार गोड बोलणारा. ‘दीदी, एट्थ जनरेशन है, ओरिजिनल विंडोज इलेव्हन, सब चलेगा.’ मी डोंगलचं विचारलं. ‘सब चलेगा.’ पानं लावायचा माझा जुना प्रोग्राम, पेजमेकर? ‘अरे दीदी, सब.’ माझा लेझर प्रिंटर? तोच जप. समोर सिस्टिमचं पान उघडून दाखवलं, त्यावर प्रोसेसरचं नाव ‘आय 5-8250 यू’ असं स्वच्छ लिहिलेलं. मी 27,500 रुपये मोजले. बिल मागितलं तर वहीच्या पानावर आकडा आणि सही. त्या सगळ्या वेळात डोंगल माझ्या पर्समध्ये होतं. ते बाहेर काढून तिथेच लावून बघावं, हे काही सुचलं नाही. चहा प्यायले आणि घरी आले.

घरी डोंगल लावलं. काहीच नाही. ड्रायव्हर बसेचना. ह्यात लॅपटॉपचा दोष नव्हता, तेवढं मान्य करते. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्येच येतं, आणि 64 बिटचं विंडोज 32 बिटचा ड्रायव्हर घेत नाही. जुने 32 बिटचे प्रोग्राम एकवेळ चालतात, ड्रायव्हर नाही. त्याहून जुने, 16 बिटचे प्रोग्राम तर मुळीच नाहीत. ‘चालेल का’ ह्या एका प्रश्नात खरे तीन प्रश्न असतात, प्रोग्रामचा, ड्रायव्हरचा आणि प्रोसेसरचा. दुकानदाराने तिन्हींना एकच उत्तर दिलं होतं.

तक्रार घेऊन गेले तर म्हणाला, विंडोजचं हेच दुखणं, त्याऐवजी चालणारी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकून देतो, 1,500 लागतील. आणि मी ते दिले! विंडोजच्या शेजारी उबंटू हे लिनक्स बसवून दिलं. प्रिंटर त्यावर पहिल्या फटक्यात चालला, जो विंडोजवर दोन दिवस अडून बसला होता. एवढ्यासाठी लिनक्सचे आभार. पण डोंगल तिथेही नाहीच. वाइन नावाच्या प्रोग्रामातून विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालतात. डोंगलच्या ड्रायव्हरला मात्र त्याचा उपयोग नाही. तिसऱ्या खेपेला त्याने जुना मॅक पुढे सरकवला. ‘डीटीपीवाले सब मॅक ही लेते हैं.’ आता मी विचारून आले होते. 2019 च्या कॅटलिना ह्या आवृत्तीपासून मॅकवर 32 बिटचे प्रोग्रामच चालत नाहीत. तसं म्हटल्यावर तो मोबाईल कानाला लावून आत गेला.

इथवर मला वाटत होतं, माणूस अडाणी आहे, बढाया मारतो. लबाडी कळली ती भाच्यामुळे. दिवाळीला तो पुण्याहून आला होता. लॅपटॉपवर विंडोज सुरू करताना कोपऱ्यात एक काळी खिडकी क्षणभर लुकलुकून जायची. मी ती रोज बघत होते. त्याने विचारलं, ‘मावशी, हे काय?’ मी म्हटलं, सुरू होताना होत असेल काहीतरी. त्याने टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’चं पान काढलं आणि बोट ठेवलं. कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, 2. आय 5-8250 यू ला 4 असतात. मग मशीन बंद करून एफ-2 दाबत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या पडद्यावर नेलं. तिथे लिहिलेलं, आय 5-6300 यू. सहावी पिढी.

ती काळी खिडकी म्हणजे एक छोटी स्क्रिप्ट होती. विंडोज प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीत, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत लिहून ठेवतं आणि सिस्टिमचं पान तिथून वाचून दाखवतं. मशीन सुरू झालं की खरं नाव पुन्हा लिहिलं जातं, म्हणून स्क्रिप्ट प्रत्येक वेळी येऊन ते पुसून खोटं लिहायची. पाटी बदलणारा रोजंदारीवरचा माणूसच म्हणा ना. पुढचं आपोआप उलगडलं. विंडोज 11 ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम ह्या सुरक्षा-चिपची 2.0 आवृत्ती लागते. ह्यात टीपीएम 1.2 होतं. म्हणजे तपासणी चुकवून विंडोज बसवलेलं, पुढचे मोठे अपडेट मिळतील ह्याचा भरवसा नाही. ‘ओरिजिनल’चंही तेच. ॲक्टिव्हेशनच्या पानावर लिहिलं होतं की हे तुमच्या संस्थेच्या सेवेतून ॲक्टिव्हेट झालंय. माझी कसली आली संस्था! मी आणि दोन प्रिंटर. ही कंपन्यांसाठीची पद्धत असते आणि दर 180 दिवसांच्या आत तिचं नूतनीकरण व्हावं लागतं.

जुनं मशीन घेणार असाल तर बायोस दुकानातच उघडायला लावा आणि प्रोसेसरचं नाव तिथे वाचा. इंटेलच्या आय 3, आय 5, आय 7 मध्ये नवव्या पिढीपर्यंत चार आकड्यांतला पहिला आकडा म्हणजे पिढी, 6300 असेल तर सहावी. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ फुकट आहे, ते समोर चालवा. आणि तुमचं जे काही लटांबर असेल, डोंगल, डिजिटल सहीचं टोकन, स्कॅनर, ते पिशवीत घालून न्या आणि पैसे द्यायच्या आधी लावून बघा. वहीच्या पानावरची सही बिल म्हणून घेऊ नका.

माझ्याकडे तेवढं पान आणि यूपीआयची नोंद होती. 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बायोसच्या पडद्याचा फोटो दिला. नवव्या दिवशी दुकानातून फोन आला. लॅपटॉप परत घेऊन 20,000 देतो म्हणाला, लिनक्सचे 1,500 ‘मेहनत के’ म्हणून नाहीच. घरातले म्हणाले, ग्राहक आयोगात जा, 5 लाखांपर्यंत फी नसते. पण तुळशीच्या लग्नानंतरच्या अकरा पत्रिका अडल्या होत्या. मी पैसे घेतले. पत्रिका जुन्या मशीनवर लावल्या, नेटची वायर काढून.

देताना तो लॅपटॉप मी नीट बघून ठेवला. चंदेरी, झाकणावर डावीकडे नखाएवढा पोचा, कीबोर्डवरचं ‘एन’ घासून जवळजवळ पुसलेलं. आठव्या पिढीचं स्टिकर त्याने माझ्यासमोरच अंगठ्याने दाबून पुन्हा सरळ केलं.