बारा पौर्णिमांचा कार्डसंच: दूध जमतं, तारखा तपासून घ्या

इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास पूजासाहित्याच्या दुकानांत सध्या मिळणारा हा मराठी संच: पुठ्ठ्याच्या पेटीत बारा जाड कार्डं, सोबत दूधमसाल्याची एक पुडी, किंमत २५० रुपये. प्रत्येक कार्डावर पौर्णिमेचं नाव, नैवेद्य आणि करायची रीत.

नावांचं काम चोख आहे. चित्रेजवळचा चंद्र म्हणून चैत्र, कृत्तिकांजवळचा म्हणून कार्तिक, हे चित्रासकट दिलंय. इंदूरसाठी खरी उपयोगाची ओळ मात्र कार्डाच्या पाठीमागे आहे: पौर्णिमेचं नाव शेजारच्या हिंदी घरात आणि आपल्यात एकच, फरक पडतो तो नंतरच्या पंधरवड्यात. नारळी पौर्णिमा उलटली की आपला श्रावण वद्य, त्यांचा भाद्रपद. वडाची पूजाही माळव्यात बऱ्याच घरी अमावस्येला होते, आपली पौर्णिमेला; हेही नोंदवलंय.

गडबड तारखांत आहे. संच बारा कार्डांचा, पण २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे तेरावी पौर्णिमा येते. वटपौर्णिमेच्या कार्डावर नुसतं ‘ज्येष्ठ पौर्णिमा’ छापल्याने कुणीही ३१ मेला फेऱ्या मारून मोकळं होईल. वटपौर्णिमा निज, म्हणजे अधिकानंतरच्या नेहमीच्या ज्येष्ठातली, २९ जूनला. कोजागरीला तर नियमच वेगळा: मध्यरात्री पौर्णिमा हवी. २६ ऑक्टोबरला सूर्योदयाला पौर्णिमा आहे, पण सकाळी पावणेदहाच्या सुमारास संपते, म्हणून जागरण २५ च्या रात्री. चंद्रोदयाच्या वेळाही मुंबईच्या उचलल्यात. इंदूर साधारण ३ अंश पूर्वेला, म्हणजे सुमारे १२ मिनिटं आधी.

कोजागरीचं कार्ड मात्र सगळ्यात सरस. १ लिटर म्हशीचं दूध पसरट कढईत मध्यम आचेवर पाऊण लिटर होईपर्यंत आटवायचं, कडेची साय खरवडून आत ढकलत राहायचं, ८० ते १०० ग्रॅम साखर शेवटच्या पाच मिनिटांत. साखर आधी पडली की दूध तळाला लागतं आणि करपट वास जात नाही. जायफळ चिमूटभरच, जास्त झालं की दूध कडवट लागतं. ज्येष्ठ मुलाला ओवाळण्याची आश्विनीही या कार्डात आहे, जी छापील पत्रकांत हमखास गळते.

पुडी मात्र साधारण. बदाम-पिस्ता इतका वेळ दळलाय की तेल सुटून गोळे झालेत. दुधात टाकल्यावर तळाशी बसतात. आधी दोन चमचे कोमट दुधात कालवून मग घाला. केशर म्हणून जे आहे ते गार पाण्यात टाकताच पाणी पिवळंधमक होतं. खरं केशर हळूहळू रंग सोडतं आणि काडी लालच राहते. केशर वेगळं आणलेलं बरं. चारोळी अख्खी आहे, तेवढी छान.

त्रिपुरीच्या कार्डात ७५० पदरांची वात सांगितलीय, पण ती आदल्या रात्रीच तुपात भिजत घालायची हे लिहायचं राहून गेलंय. वरवर तूप लावलेली एवढी जाड वात टोकाला काळी पडते आणि विझते. शाकंभरीच्या साठ भाज्यांच्या नैवेद्याला चार ओळीच. एवढ्यात आटोपायचं तर भाज्यांची यादी तरी द्यायची!

पुडीशिवाय नुसती कार्डं १५० ला मिळाली तर घ्या.