समुद्रपक्ष्यांच्या फोटो टूरसाठी पैसे भरण्याआधी हे वाचा

सांगली-मिरजेत पक्ष्यांचे फोटो काढणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. 'मासळीसाठी झुंजणारे समुद्रपक्षी टिपा' अशी जाहिरात करून एक आयोजक सध्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदराची टूर विकतोय. माणशी साडेआठ हजार, निम्मे आगाऊ, तेही त्याच्या खासगी यूपीआयवर. मी ही टूर करून आलोय.

विश्रामबागला एका हॉलमध्ये त्याने स्लाइड शो ठेवला होता. पिवळसर डोक्याचा, काळ्या पंखटोकांचा पांढराशुभ्र पक्षी पंख मागे मिटून सरळ पाण्यात सूर मारतोय, असे एकाहून एक फोटो. "सगळे आपल्या हर्णैचे," म्हणाला. परत आल्यावर एका जाणत्या मित्राला ते दाखवले, तेव्हा कळलं की तो गॅनेट. उत्तर अटलांटिकचा पक्षी. त्याची जगातली सर्वांत मोठी वसाहत स्कॉटलंडजवळच्या बास रॉक बेटावर आहे. म्हणजे फोटोच दुसऱ्या कुणाचे तरी उचललेले.

होडी उजाडताच सुटणार होती. पश्चिम किनाऱ्यावर सूर्य जमिनीच्या बाजूने वर येतो, त्यामुळे समुद्राकडे तोंड केलं की सकाळचं कोवळं ऊन थेट पक्ष्यावर पडतं. त्यासाठीच आम्ही रात्रीचा प्रवास केला. होडी सुटली साडेदहाला. आठ माणसांत लाइफ जॅकेट तीन. त्यात एक साठी ओलांडलेले काका होते, त्यांनाही मिळालं नाही. याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

मासेमारीच्या होड्यांजवळ आम्हाला नेलंच नाही. थोडं आत गेल्यावर त्याच्या माणसाने पिशवीतून गाठ्या काढल्या आणि मुठी भरभरून उधळायला लागला. कुरव (सीगल) आले, शेकड्याने आले, भांडलेही. पण माझ्या प्रत्येक फ्रेममध्ये चोचीत पिवळी गाठी आहे. मी विचारलं, तर म्हणाला, "सर, मासा नंतर सॉफ्टवेअरमध्ये बसवून देतो. स्पर्धेला पाठवा, कुणाला कळत नाही." कळतं. अनेक स्पर्धा मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेली, फेरफार न केलेली) मागतात आणि आमिष दाखवून काढलेले फोटो बाद करतात. शिवाय तळलेलं बेसन हे त्या पक्ष्यांचं अन्नच नव्हे.

जे बघायला गेलो होतो, ते जाळं ओढणाऱ्या होडीच्या मागे घडतं. एका कुरवाला मासा मिळाला की बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. मासा आडवा गिळता येत नाही, काटे नि पर घशात अडकतात. म्हणून पक्षी उडता उडता तो चोचीत फिरवून डोक्याकडून गिळतो. त्या दोन-चार सेकंदांत खरी हिसकाहिसकी होते. तेवढ्याचसाठी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचा शटर लावून माणूस बसलेला असतो.

पैसे परत मागितल्यावर आधी "बघतो" म्हणाला, मग नंबर ब्लॉक केला. यूपीआयच्या नोंदी, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि गाठ्यांचे फोटो जोडून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

हे आत्ता लिहिण्याचं कारण म्हणजे त्याने जूनची बॅच जाहीर केली आहे, 'मच्छीमारांच्या होडीमागचे कुरव' दाखवायला. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. आणि हिवाळ्यात हर्णैला दिसणारे तपकिरी डोक्याचे कुरव तेव्हा लडाख-तिबेटच्या सरोवरांवर घरटी करत असतात. कुणी आगाऊ रक्कम भरली असेल तर आजच लेखी परत मागा आणि त्याच्याशी झालेलं चॅट डिलीट करू नका.