व्हेटचं बिल झेपत नसेल तर: मदतीचे पर्याय, पारखून

प्राण्याच्या उपचाराला पैसे कमी पडतात तेव्हा लोक आधी मदत करणाऱ्या संस्था शोधतात, मग नातेवाइकांना फोन लावतात आणि सगळ्यात शेवटी डॉक्टरांना सांगतात की एवढं जमणार नाही. हा क्रम उलटा हवा. सर्वांत जास्त पैसे वाचतात ते तपासणीच्या टेबलापाशीच, आणि त्यासाठी कुठला फॉर्म भरावा लागत नाही.

क्लिनिकमध्येच मार्ग काढणं: पाचपैकी साडेचार मार्क

"आमच्याकडे एवढेच आहेत, यात काय बसेल?" हा प्रश्न तपासणी संपल्यावर आणि चाचण्या सुरू होण्याआधी विचारायचा. एकाच आजारावर महागडे आणि साधे असे एकाहून अधिक स्वीकारार्ह उपचार असू शकतात, या विचाराला पशुवैद्यकात 'स्पेक्ट्रम ऑफ केअर' म्हणतात. पार्व्हो (कुत्र्यांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झालेल्या पिलाचं उदाहरण घ्या. ठरलेला उपचार म्हणजे अॅडमिट करून शिरेतून सलाइन. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० कुत्र्यांची तुलना आहे. सुरुवातीचं शिरेतलं सलाइन सगळ्यांना दिलं. त्यानंतर निम्म्यांवर नेहमीचा उपचार झाला. उरलेल्यांना कातडीखाली सलाइन, उलटी थांबवणारं रोजचं एक इंजेक्शन आणि बरेच दिवस टिकणाऱ्या अँटिबायोटिकचा एकच डोस दिला. पहिल्या गटातली ९० टक्के वाचली, दुसऱ्यातली ८० टक्के. हा फरक लपवू नये आणि अभ्यास लहान होता हेही विसरू नये. पण 'अॅडमिट करा, नाहीतर इंजेक्शन देऊन कायमचं झोपवा' एवढे दोनच पर्याय असतात, हा समज त्याने मोडतो. सावधगिरी एवढीच, की हे 'घरी सलाइन लावू' असं प्रकरण नाही. रक्तातली साखर आणि पोटॅशियम खाली जातं, त्यामुळे पिलाला रोज दाखवावंच लागतं.

लघवी अडलेल्या बोक्याचंही तसंच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कॅथेटरचा (लघवीच्या मार्गात घालायच्या नळीचा) खर्च न झेपणाऱ्या मालकांच्या १५ बोक्यांवर कॅथेटरविना उपचार झाले: वेदनाशामक, गुंगीचं औषध, गरजेप्रमाणे सुईने मूत्राशय रिकामं करणं आणि शांत, अंधारी खोली. ११ जणांना लघवी होऊन ते घरी गेले. कॅथेटर परवडत असेल तर तोच घालावा. पण बोका लघवीसाठी वारंवार ट्रेमध्ये बसतोय आणि थेंबही पडत नाही, अशा वेळी पैशांची जुळवाजुळव करण्यात दिवस घालवला, तर पोटॅशियम चढून हृदय थांबू शकतं.

आता एस्टिमेटविषयी, म्हणजे क्लिनिकने लिहून दिलेल्या अंदाजे खर्चाविषयी. त्यात सहसा दोन आकडे असतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. लोकांच्या डोक्यात पहिला बसतो आणि बिल दुसऱ्याच्या आसपास येतं. म्हणून अमुक रकमेच्या पुढे जाण्याआधी फोन करावा, हे सहीच्या जागेशेजारीच लिहून घ्या. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, "ही चाचणी केली नाही तर उपचार बदलेल का?" उत्तर 'नाही' असेल तर ती पुढे ढकलता येते. उत्तर 'हो' असेल तर तिथे काटकसर नको. पोटात अडकलेली वस्तू एक्स-रेत दिसली तर ऑपरेशन आहे, नाही दिसली तर कदाचित फक्त औषधं. इथे एक्स-रे वाचवणं महागात पडतं. अर्धा मार्क कापला तो एवढ्यासाठी, की सगळेच डॉक्टर साधा पर्याय आपणहून सांगत नाहीत. विचारावं लागतं.

हप्ते आणि कार्ड: पाचपैकी अडीच

क्लिनिकने स्वतः बिनव्याजी हप्ते बांधून दिले तर उत्तम, पण ही सोय सहसा जुन्या, नियमित येणाऱ्यांनाच मिळते. अमेरिकेत केअरक्रेडिटसारखी आरोग्यखर्चाची कार्डं चालतात. त्यांच्या 'ठरावीक महिने व्याज नाही' या योजनेत खरी गोम आहे. मुदतीत पूर्ण रक्कम फिटली नाही, तर व्याज उरलेल्या रकमेवर पुढचं लागत नाही, ते खरेदीच्या दिवसापासून लागतं. दरमहा फक्त किमान हप्ता भरत राहिलं की मुदतीअखेर बाकी राहते आणि तिथेच माणूस अडकतो. मुदत १२ महिन्यांची असेल तर बिलाला ११ ने भागा आणि येणारी रक्कम दरमहा भरा, किमान हप्ता कितीही कमी असो. तेवढी झेपत नसेल तर हे कार्ड घेऊ नये.

धर्मादाय दवाखाने आणि अनुदानं: पाचपैकी साडेतीन

हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि लोक ते हमखास एक समजतात. दवाखाना चालवणारी संस्था उपचार स्वतः करते. १९१७ साली मारिया डिकिन यांनी लंडनमध्ये सुरू केलेली पीडीएसए हे त्याचं जुनं उदाहरण. अशा ठिकाणी पात्रता तुमचा पत्ता आणि तुम्हाला मिळणारं सरकारी साहाय्य यांवर ठरते. दुखणं नसतानाच नाव नोंदवून ठेवलं तर रात्री-अपरात्री कागद शोधावे लागत नाहीत.

अनुदान देणारी संस्था बिलाचा काही भाग भरते, तोही बहुधा थेट क्लिनिकला. अर्ज फेटाळला जाण्याची कारणं ठरलेली असतात. पहिलं, उपचार आधीच झालेले असतात. झालेल्या बिलाला बहुतेक संस्था हात लावत नाहीत, म्हणून अर्ज आधी आणि ऑपरेशनची तारीख नंतर. दुसरं, निदान लिहिलेलं नसतं. 'पाय दुखतोय, तपासण्या करायच्या आहेत' यावर पैसे मिळत नाहीत. 'उजव्या मागच्या पायाचं हाड मोडलंय, प्लेट बसवायची, अंदाजे खर्च इतका, बरं होण्याची शक्यता चांगली' असं डॉक्टरांच्या सहीनिशी हवं. तिसरं कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही: संस्था खात्री करायला क्लिनिकला फोन करते आणि तिथे या प्रकरणाची माहिती कुणालाच नसते. रिसेप्शनवर कोण बोलणार हे ठरवून त्या व्यक्तीचं नाव अर्जात द्या. नसबंदीचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा आणि एस्टिमेटची प्रत एकाच फाइलमध्ये ठेवा. एकाच वेळी चार ठिकाणी अर्ज करण्यात काही गैर नाही, कारण एका संस्थेची रक्कम पूर्ण बिलाला क्वचितच पुरते. मात्र प्रत्येक अर्जात इतर ठिकाणी काय मागितलंय ते स्पष्ट सांगा.

मार्क कापायचं कारण वेळ. निर्णयाला दिवस लागतात. पू साठलेलं गर्भाशय किंवा पोटाला पडलेला पीळ तेवढे थांबत नाहीत.

ऑनलाइन वर्गणी: पाचपैकी दोन

ओळखीचं वर्तुळ मोठं असेल तरच पैसे जमतात. अनोळखी लोक पैसे थेट क्लिनिकला जाणार असतील तर लवकर विश्वास ठेवतात. वॅगलसारखे मंच तसेच चालतात. एस्टिमेटचा फोटो टाका, पण त्यावरचा पत्ता आणि फोन नंबर झाकून.

विमा

आजार सुरू झाल्यावर घेतलेला विमा त्या आजारासाठी जवळपास निरुपयोगी, म्हणून याला मार्कच दिले नाहीत. आधीपासूनच्या दुखण्याला पैसे मिळत नाहीत, आजारांसाठी सहसा दोन आठवड्यांचा प्रतीक्षाकाळ असतो आणि गुडघ्याच्या अस्थिबंधांसाठी काही पॉलिसींत सहा महिन्यांचा. एका गुडघ्याचं दुखणं आधी नोंदलेलं असेल तर बऱ्याच पॉलिसी दुसराही वगळतात. शिवाय बहुतेक विम्यांत बिल आधी तुम्ही भरता आणि पैसे मागून येतात. हातात रोकड नसलेल्याला ते कसं जमायचं? ट्रुपॅनियनसारख्या काही कंपन्या क्लिनिकला थेट पैसे देतात. पण तुमचं क्लिनिक त्या यंत्रणेत आहे का, हे पॉलिसी घेण्याआधी विचारा.

औषधांवरची बचत

डॉक्टरांकडून प्रिस्क्रिप्शन लिहून घेऊन जेनेरिक औषध बाहेरून घेणं कायदेशीर असेल तिथे जरूर करा, फक्त पातळ औषधांच्या बाटलीवरचे घटक वाचा. माणसांच्या गॅबापेंटिनच्या (हे एक वेदनाशामक) काही पातळ औषधांत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो, तो कुत्र्याला विषारी. कॅप्सूल चालते का, हे डॉक्टरांना विचारा. घरातल्या डब्यातलं काही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनवालं गोचिडांचं औषध मांजरावर टाकलं की झटके येतात. या तिन्ही प्रकरणांत होणारं इमर्जन्सीचं बिल मूळ आजाराच्या बिलापेक्षा मोठं असू शकतं.